‘आहे’ला ‘आसा’ वाचणारा मुलगा

गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेचे पत्र चतुर्थीनंतर आमच्याकडे आले. त्या संध्याकाळी घरी बारा मुलांची शिकवणी घेतात. त्यांतला एक मुलगा नऊ वर्षांचा असून मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीत शिकतो. त्याच्याविषयी त्या लिहितात की, तोंडी विचारले तर परिसर अभ्यासाची उत्तरे सर्वांत आधी हाच देतो, आरतीत घुमट या मातीच्या वाद्यावर त्याचा हात चुकत नाही, पण पुस्तक उघडले की तो गोठून जातो. साठ शब्दांचा उतारा वाचायला त्याला सहा मिनिटे लागली. वर्गात वाचनाची पाळी जवळ आली की त्याला तहान लागते आणि तो बाहेर जातो. घरी कोकणी बोलतात. म्हणून मराठी कच्चे राहिले असे शाळेचे म्हणणे आहे. आईला त्याला आताच इंग्रजी माध्यमात घालावेसे वाटते. वडील गॅरेजमध्ये काम करतात, कोणतेही इंजिन खोलून पुन्हा जोडतात, मात्र त्यांनी सातवीत शाळा सोडली, आणि ‘मीही असाच होतो’ एवढेच ते म्हणतात. बाईंनी मुलाच्या वाचनातील आणि लेखनातील चुकांची दोन पाने सोबत जोडली असून तीन प्रश्न विचारले आहेत: हा आळस आहे, भाषेची अडचण आहे की डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाची जन्मजात अडचण, आहे? त्याला शिकवायचे कसे? आणि तपासणी करून प्रमाणपत्र घेतले तर मुलाला जन्माचा शिक्का बसेल का?

आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रापेक्षाही त्यासोबतची दोन पाने मी अधिक वेळा वाचली. मुलाने काय चुकवले हे बहुतेक जण सांगतात. तो नेमके काय म्हणाला हे तुम्ही अक्षरशः उतरवून ठेवले, आणि त्यामुळेच तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे अंदाजाशिवाय जाता येते. या चुका एका जातीच्या नाहीत. त्या वेगळ्या करून पाहिल्या की मुलाचे चित्र बरेच स्पष्ट होते.

‘घरामागे विहीर आहे’ हे वाक्य त्याने ‘घरामागे विहीर आसा’ असे वाचले आणि एका ठिकाणी ‘पाणी’ला ‘उदक’ म्हटले. या दोन्ही ठिकाणी तुम्ही लाल खूण केली आहे. ती कृपया पुसून टाका. ‘पाणी’ या अक्षरांवरून ‘उदक’ हा शब्द सुचण्यासाठी आधी ‘पाणी’ वाचावे लागते, त्याचा अर्थ कळावा लागतो आणि मग घरची भाषा आपोआप ओठांवर येते. आपल्याकडच्या शेकडो मुलांच्या वाचनात हे घडते आणि त्यात दोष नाही. लेखनातील ‘वाग’ आणि ‘दूद’ हेही याच घरातले शब्द आहेत. मराठीत ते ‘वाघ’ आणि ‘दूध’ असले तरी कोकणीत त्यांचा उच्चार आणि लेखनही ‘वाग’ आणि ‘दूद’ असेच आहे. म्हणजे मुलाने कानाला ऐकू आले ते प्रामाणिकपणे लिहिले. मराठीचे लेखन त्याला शिकवावे लागेल, पण त्याच्या कानात बिघाड आहे असे यावरून म्हणता येणार नाही.

दुसऱ्या पानावरच्या चुका मात्र वेगळ्या आहेत. ‘घर’चे ‘धर’ होते, ‘बाजरी’ ऐवजी ‘बाजार’ येते, ‘दिवस’ लिहिताना वेलांटी ‘व’वर जाऊन बसते, ‘सूर्य’मधला रफार नाहीसा होतो आणि एका ओळीत तीनदा आलेला ‘भात’ हा शब्द प्रत्येक वेळी नव्याने जुळवावा लागतो. कोकणी घरात वाढल्यामुळे हे होत नाही, कारण ‘घर’ हा शब्द दोन्ही भाषांत तोच आहे आणि ‘भात’ तो रोज ऐकतो. येथे अक्षराचे रूप आणि त्याचा आवाज यांची गाठ पक्की बसलेली नाही. ती बसली आहे तेथेही अक्षरावरून आवाज आठवायला वेळ लागतो. तुम्ही दिलेल्या सहा मिनिटांच्या नोंदीला मी चुकांपेक्षाही जास्त महत्त्व देते. मराठीत जसे लिहितो तसे बरेचसे वाचतो, त्यामुळे मूल नेट लावून शब्द शेवटी बरोबर उच्चारते आणि ‘येते त्याला, फक्त सावकाश वाचतो’ असे म्हणून मोठी माणसे निश्चिंत होतात. आपल्यासारख्या नियमित लिपींत वाचनाची अडचण बहुधा याच संथपणाच्या रूपाने दिसते.

एक गोष्ट या आठवड्यात करून पाहा. परिसर अभ्यासाच्या पुस्तकातील त्याने न पाहिलेले एक पान त्याला स्वतः वाचायला द्या आणि चार प्रश्न विचारा. दुसऱ्या दिवशी तेवढेच कठीण दुसरे पान तुम्ही वाचून दाखवा आणि पुन्हा चार प्रश्न विचारा. प्रश्नांची उत्तरे त्याला कोकणीत देऊ द्या. ऐकलेल्या पानाची उत्तरे नीट आली आणि स्वतः वाचलेल्याची आली नाहीत, तर बुद्धी, लक्ष आणि भाषेची समज शाबूत असून अडथळा वाचनाच्या उंबऱ्यावर आहे असे समजावे. दोन्ही वेळा उत्तरे आली नाहीत, तर मात्र भाषेच्या आकलनाकडेही पाहावे लागेल. त्याचबरोबर कानाची आणि डोळ्यांची साधी तपासणी झालेली नसेल तर ती आधी करून घ्यावी. लहानपणी वारंवार कान फुटत असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

‘तोंडी पहिला’ हे तुमचे शब्द वाचताना मला एक जुनी नोंद आठवली. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लंडमधील डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत लिहिली होती. मुलगा हुशार होता, गणित करीत होता, पण साधे शब्दही त्याला वाचता येत नव्हते. सगळे शिक्षण तोंडी दिले असते तर हा शाळेतला सर्वांत चलाख मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत तेथे नोंदलेले आहे. वाचनाची ही अडचण बुद्धीपासून वेगळी असते, हे सव्वाशे वर्षांपूर्वी लिहिले गेले. तरीही आपल्या शाळांमध्ये ‘लक्ष देत नाही’ हा शेरा अजून प्रगतिपत्रकावर येतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

डिस्लेक्सिया ही मेंदूच्या काम करण्याच्या पद्धतीतील जन्मजात भिन्नता आहे. बोललेल्या शब्दातले सुटे आवाज ओळखणे, ते अक्षरांशी जोडणे आणि ती जोडणी आपोआप होईल इतकी पक्की करणे, ही कामे या मुलांना जड जातात. ती कुटुंबांतून चालत येते, म्हणून वडिलांच्या ‘मीही असाच होतो’ या वाक्याला तपासणीत खरी किंमत आहे. ते त्यांनी तज्ज्ञांसमोर पुन्हा सांगावे. त्याचबरोबर एक विनंती आहे. अशा मुलांत हमखास काही अलौकिक देणगी दडलेली असते, असे सांगून आईला धीर देऊ नका. काही मुलांत असते, काहींत नसते, जशी इतर मुलांत. त्याचे घुमट चांगले आहे म्हणून वाजवू द्यावे. न वाचण्याची भरपाई म्हणून त्याच्यावर ते लादू नये.

या मुलाला डिस्लेक्सिया आहे, असे पत्रावरून मी म्हणू शकत नाही आणि तुम्हीही शिकवणीतून म्हणू नये. ते ठरवणे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांचे काम आहे. मात्र तपासणीची तारीख मिळेपर्यंत शिकवणे थांबवण्याचे कारण नाही. पुढे मी जी पद्धत सांगणार आहे, ती निदान काहीही निघाले तरी त्याच्या उपयोगाची आहे.

आता शिकवण्याविषयी. बारा मुलांच्या घोळक्यात बसवून त्याच्याकडून तेच पान पुन्हा वाचून घेतल्याने काही साधणार नाही. त्याला आठवड्यातून पाच दिवस, रोज पंचवीस ते तीस मिनिटे एकट्याला द्या. रविवारी दोन तास बसवण्यापेक्षा हे अधिक उपयोगी पडते, कारण अक्षर आणि आवाज यांची गाठ थोड्या थोड्या अंतराने पुन्हा पुन्हा मारावी लागते. दहा वर्षांचे होत आलेले मूल ‘अ आ इ’कडे परत जायला लाजते, म्हणून बाकीची मुले येण्याआधीची वेळ निवडा आणि पहिलीचे पुस्तक त्याच्यासमोर ठेवू नका.

सुरुवात पाटीशिवाय, केवळ कानाने करा. तो घुमट वाजवतो, तेव्हा शब्दाचे तुकडे पाडण्याचे काम त्याच्या हाताला आधीच ठाऊक आहे: ‘डि-चो-ली’ तीन ठोके, ‘म्हाप-सा’ दोन ठोके. मग तुकडे काढायला आणि बदलायला सांगा. ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरते? ‘माड’मधल्या ‘मा’च्या जागी ‘झा’ घातला तर काय होते? हे सहज जमू लागले की तुकड्याच्या आत शिरा. ‘की’ आणि ‘का’ यांच्या सुरुवातीला कोणता आवाज सारखा आहे, ‘की’ आणि ‘मी’ यांच्या शेवटी कोणता आवाज सारखा आहे, हे त्याला ऐकू आले पाहिजे. आपण ‘क का कि की’ ही बाराखडी गाण्यासारखी पाठ करून घेतो; बहुसंख्य मुलांना त्यातून ‘की’ म्हणजे ‘क्’ आणि ‘ई’ हे आपोआप उमगते. या मुलाला ते उमगलेले नाही. त्याला बाराखडी म्हणता येते आणि तरी ‘पी’ वाचता येत नाही, अशी नोंद तुमच्याच पानावर आहे. तेव्हा पाठांतर बाजूला ठेवून प्रत्येक चिन्हाचा आवाज स्वतंत्रपणे, उघडपणे सांगावा लागेल.

अक्षरांचा क्रम वर्णमालेचा ठेवू नका. प्रथम क, न, म, ल, र ही पाच अक्षरे आणि काना एवढेच घ्या. या पाचांतून नाक, कान, काम, माल, लाल, मका, नकार, कमाल हे शब्द तयार होतात आणि आठवड्याच्या शेवटी त्याला ‘कलाकार’ वाचता येतो. चौथीतल्या मुलाला ‘कलाकार’ स्वतःच्या बळावर वाचता येणे आणि ‘कमळ बघ’ वाचायला लावणे यांत त्याच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे. नवे अक्षर देताना आधीची सगळी अक्षरे शब्दांतून येत राहतील असे पाहा आणि न शिकवलेले अक्षर असलेला शब्द त्याला वाचायला देऊ नका. अंदाजाने वाचण्याची सवय तेथूनच लागते. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व या जोड्यांतले एक अक्षर पक्के झाल्यावर निदान तीन आठवडे मध्ये जाऊ द्या, मग दुसरे आणा. दोन्ही शेजारी ठेवून ‘फरक बघ’ असे सांगितल्याने गोंधळच पक्का होतो.

चिन्हांमध्ये कान्यानंतर दुसरी वेलांटी, मग मात्रा, काना-मात्रा आणि उकार घ्यावेत. पहिली वेलांटी मुद्दाम उशिरा आणावी. ‘कि’ लिहिताना वेलांटी डोळ्याला आधी दिसते आणि तिचा आवाज ‘क’च्या नंतर येतो, ज्याच्या मनात आवाजांचा क्रमच डळमळीत आहे त्याला हे उलटे चालणे फार जड जाते. ‘दिवस’मधली वेलांटी ‘व’वर जाते ती याचमुळे. रफाराचेही तसेच आहे: ‘सूर्य’मध्ये तो शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, पण उच्चार ‘य’च्या आधी होतो. त्याला हे नियम म्हणून सांगा, बोटाने दाखवा, आणि ह्रस्व-दीर्घाच्या चुकांकडे निदान या वर्षी दुर्लक्ष करा. शुद्धलेखनाचा आग्रह मलाही प्रिय आहे, पण ज्याला अजून शब्द उभा करता येत नाही त्याच्याकडून उपान्त्य अक्षराचा नियम मागू नये.

जोडाक्षरांपाशी आलात की कोकणीचा हात धरा. ‘म्हाका’, ‘म्हजें’, ‘न्हय’, ‘व्हड’ हे शब्द तो दिवसभर बोलतो, म्हणून म्ह, न्ह आणि व्ह हे जोड त्याच्या तोंडात आधीच तयार आहेत. त्यांपासून प्रारंभ केला तर जोडाक्षर ही परकी वस्तू वाटत नाही. लिपी एकच असल्याचा हा लाभ आपल्या गोव्यातल्या मुलांना आहे आणि आपण तो क्वचितच वापरतो. गणपतीवर टांगलेल्या आणि दोन आठवड्यांपूर्वीच उतरवलेल्या माटोळीतल्या फळांची यादी त्याच्याकडून तोंडी घ्या आणि मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: नारळ, केळी, सुपारी, चिबूड, आंबाडे, कवंडळ. शिकवलेली अक्षरे आणि चिन्हे जसजशी वाढतील तसतसे यांतले शब्द एकेक करून वाचनात आणा. वस्तू डोळ्यांसमोर आहे, नाव ओठांवर आहे. राहिले फक्त अक्षर.

नवे अक्षर सुपात पसरलेल्या तांदळांत बोटाने काढून घ्यावे आणि काढताना त्याचा आवाज मोठ्याने म्हणायला लावावा. डोळा, कान, जीभ आणि हात एकत्र कामाला लावण्याची ही रीत सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेत बांधली आणि आजही जगभर तिच्याच शाखा चालतात. माझ्या मते त्यातला खरा गुण तांदळात नाही, आवाज उघडपणे आणि ठरलेल्या क्रमाने शिकवण्यात आहे. मूल मुकाट्याने गिरवत बसले तर वेळ वाया जातो.

तीस मिनिटांच्या शेवटी दहा मिनिटे त्याला चांगली गोष्ट वाचून दाखवा. ती चौथीच्या मुलाला शोभेल अशी असावी, बाळबोध नसावी. त्याचे शब्द, कल्पना आणि वाक्याची जाण त्याच्या वयाच्या बरोबरीने वाढत राहिली पाहिजे. नाहीतर वाचन सुधारेपर्यंत ज्ञानच मागे पडते. कधी दोघांनी मिळून मोठ्याने वाचा: तुमचा आवाज त्याच्या सोबत चालेल, तो बोटाने टेबलावर ठोका देईल तेव्हा तुम्ही थांबाल आणि तो एकटा पुढे जाईल, आणि तो अडून चार-पाच सेकंद झाली की तुम्ही शब्द सांगून पुन्हा सोबत घ्याल. ‘बघ, कालच वाचला होतास’ हे वाक्य मात्र तोंडून निघू देऊ नये.

हे मी अनुभवाने सांगते आहे. शिकवायला लागले तेव्हा प्रत्येक चुकलेला शब्द वीस वेळा लिहून आणायला लावण्याची पद्धत मीही पाळत असे. एका मुलाने ‘विद्यार्थी’ हा शब्द वीस वेळा लिहून आणला. पहिल्या चार ओळींत तो बरोबर होता, पाचवीत रफार गळला आणि उरलेल्या पंधरा ओळी त्याने चुकीच्या शब्दाचा सराव केला. त्याचे बोट सुजले होते. मी ती वही अजून जपून ठेवली आहे. तुम्ही शुद्धलेखनाच्या वहीत असेच लिहून घेत असाल तर आजपासून थांबवा आणि त्याऐवजी रोज फक्त तीन शब्द, शिकवलेल्या अक्षरांचेच, आवाज सुटे करून लिहायला सांगा.

प्रगती मोजण्यासाठी दर पंधरा दिवसांनी त्याने शिकलेल्या अक्षरांतून केलेले शब्द एक मिनिट वाचायला द्या आणि किती बरोबर आले त्याची तारखेसह नोंद ठेवा. तुलना त्याची त्याच्याशीच करावी आणि ती वही त्यालाही पाहू द्यावी. दिवाळीपर्यंत वर्गाच्या बरोबरीला येईल, असे वचन आईला देऊ नका. नियमित काम झाले तर काही महिन्यांत अक्षरांवरची पकड दिसू लागते. वेग त्याहून सावकाश वाढतो, आणि मोठेपणीही अशा व्यक्ती इतरांपेक्षा हळू वाचतात. त्यांनी शिकून पुढे जाण्यास त्याने आडकाठी येत नाही.

आता इंग्रजी माध्यमाचा विषय. आईची चिंता मला कळते, कारण आपल्याकडे मराठी किंवा कोकणी माध्यमातून चौथी झाली तरी पाचवीपासून बहुतेक ठिकाणी इंग्रजी माध्यम सुरू होते, आणि ‘मग आताच का नको?’ हा प्रश्न सहज पडतो. माझे स्पष्ट मत आहे की चौथीच्या मध्यावर माध्यम बदलू नये. मराठीत एका चिन्हाचा आवाज बहुधा ठरलेला असतो. इंग्रजीत ‘बट’ आणि ‘पुट’ यांचे मधले अक्षर एकच असून आवाज दोन होतात. नियमित लिपीत आवाज जोडण्याची कला हाताला आली की अनियमित लिपीकडे जाणे थोडे सुसह्य होते. उलट क्रमाने गेल्यास मुलाच्या वाट्याला दोन्हीकडची अर्धवट अक्षरे येतात.

पाचवीची तयारी मात्र जानेवारीपासून करा. इंग्रजी अक्षराच्या नावाऐवजी त्याचा आवाज आधी शिकवा, आणि अक्षराच्या कार्डामागे तो देवनागरीत पाय मोडून लिहा: ‘बी’ या नावाच्या अक्षराचा आवाज ‘ब्’, ‘एम’चा ‘म्’. आपण सवयीने ‘ब’ म्हणतो, त्यात ‘अ’ मिसळतो आणि मग ‘ब-अॅ-ट’ असे जोडून ‘बॅट’ काही होत नाही. पाय मोडलेल्या अक्षराने ही अडचण सुटते. लहान ‘बी’ आणि लहान ‘डी’ एकमेकांच्या उलट्या प्रतिमा आहेत. घ-धच्या जोडीसारखेच त्यांनाही दूर ठेवा. ज्या दिवशी मराठीचे नवे जोडाक्षर घ्याल त्या दिवशी इंग्रजीचे नवे अक्षर घेऊ नका. आणि पाचवीसाठी शाळा निवडताना इमारत किंवा निकाल पाहण्याआधी मुख्याध्यापकांना भेटून, शाळेला विशेष शिक्षकाची मदत मिळते का, ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेखालचा संसाधन कक्ष, म्हणजे अशा मुलांना जादा मदत मिळते ती जागा, जवळ कोठे आहे आणि मुलाला तोंडी उत्तरे देऊ देण्याची त्यांची तयारी आहे का, हे पालकांनी विचारावे.

तिसरा प्रश्न शिक्क्याचा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला आणि अशा मुलांना लवकर ओळखून आवश्यक ते उपाय करणे हे कर्तव्य ठरले. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हे प्रमाणपत्र वयाची आठ वर्षे पूर्ण झाल्यावर देता येत असे आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागत असे. म्हणजे लहानपणी घेतलेले प्रमाणपत्र हा जन्मभराचा ठसा मानलेला नाही. तुमचा विद्यार्थी नऊ वर्षांचा आहे, तेव्हा योग्य वेळ हीच आहे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात आणि तेथल्याच मनोविकार व मानवी वर्तन संस्थेत पालकांनी चौकशी करावी. पुढे शालान्त परीक्षेत गोवा मंडळाकडून मिळणाऱ्या जादा वेळेसारख्या सवलतींसाठीही हा कागद लागतो, आणि नववी-दहावीत धावपळ करण्यापेक्षा आता केलेली तपासणी शिकवण्याच्या कामी येते.

तपासणीच्या वेळी एका गोष्टीचा आग्रह धरा. वाचनाची चाचणी त्याला मराठीत दिली जावी, कारण तो मराठीतून शिकला आहे. केवळ इंग्रजी उताऱ्यावरून त्याचे वाचन ठरवले गेले तर जी अडचण शिकवण्याअभावी आहे आणि जी अध्ययनाची आहे, त्यांची सरमिसळ होईल. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाची चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांसाठी तयार केलेली आहे. तिची विचारणा करता येईल. तुमची दोन पाने, त्याच्या तीन-चार वह्या आणि घरी कोकणी बोलतात ही माहिती सोबत द्यावी.

दरम्यान कोणी रंगीत काचांचे चष्मे, डोळ्यांचे व्यायाम, स्मरणशक्तीचे थेंब किंवा पंधरा दिवसांचे शिबिर सुचवील. डिस्लेक्सियाचे मूळ डोळ्यांत नाही, आणि रंगीत काचा व डोळ्यांचे व्यायाम यांनी तो बरा होत असल्याचा पुरावा नाही, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ सालीच एकत्रितपणे जाहीर केले आहे. गॅरेजच्या कमाईतले पैसे त्यावर जाऊ नयेत.

वर्गशिक्षकांना भेटून दोनच गोष्टी मागा. मुलाला वर्गासमोर आयत्या वेळी वाचायला उभे करू नये. वाचन घ्यायचेच असेल तर कोणत्या दोन ओळी घेणार ते आदल्या दिवशी कळवावे, म्हणजे त्या तुमच्याकडे तयार होतील. आणि गणिताचे शाब्दिक उदाहरण त्याला वाचून दाखवावे, कारण तेथे परीक्षा गणिताची आहे. आईला घरी वाचून घेण्याचे काम देऊ नका. तुमच्याच पत्रात आहे की रात्री दोघेही रडतात. तिने त्याला भाकरी वाढावी, घुमट ऐकावे, आणि वाचनाची जबाबदारी तुमच्यावर सोपवावी. वडिलांना मात्र एक संध्याकाळ बोलवा. आपल्याला शाळेत काय होत असे, कोणती अक्षरे नाचत असत, काय ऐकून घ्यावे लागत असे, हे त्यांनी मुलाजवळ बसून त्याला सांगावे. बापाने हे बोलून दाखवले की नऊ वर्षांच्या मुलाच्या मनावरचा केवढा भार उतरतो, ते मी अनेक घरांत पाहिले आहे.

मुलाशी तुम्ही स्वतःही बोला आणि ते कोकणीत बोला: ‘तुका वाचपाक त्रास जाता, ती तुजी चूक न्हय. आमी वेगळे तरेन शिकुया.’ त्या पहिल्या दिवशी पुस्तक काढू नका. घुमट घेऊन यायला सांगा, गावांची नावे वाजवून घ्या, पाच अक्षरे तांदळात काढून घ्या आणि वेळ संपायच्या आत, तो दमण्याआधी, त्याला घरी पाठवा. पहिल्या पंधरवड्याची नोंद मला अवश्य पाठवा; ‘आसा’ आणि ‘उदक’ आले तर तेही लिहा, फक्त ते चुकांच्या रकान्यात धरू नका.